रेडकाचा सड

वारणानगरला आलात की चहूकडे ऊस दिसतो. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात इथं सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढं दूध संघ आला, मुलांचा वाद्यवृंद देशभर गाजला. आमची बालपणं वारणेच्या पाण्यानं फुलवली. त्याच नदीच्या उगमाकडची बालपणं मात्र वेगळ्या वाटेनं गेली. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. खोऱ्यात कुणबी, वर धनगर. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८०च्या सुमारास या समाजाचा अभ्यास केला. कुणबी शेती आणि शिकार करी. धनगर म्हशी राखी, शिकारीच्या वाटेला जात नसे, लोणी देऊन धान्य घेई. एकाच डोंगरावर दोघं सुखानं राहत. जंगल तुटत गेलं, तशी ही घडी विस्कटली.

माझ्या लहानपणी ईदच्या शीरखुर्म्याचं तूप धनगरवाड्यावरून यायचं. ते आणणारे मामा एकदा म्हणाले, ‘‘पोरा, एक सड रेडकाचा असतोय. त्याच्यावर हात टाकायचा न्हाई.’’ त्यांच्या पोरांना हा धडा पुस्तकातून मिळाला नव्हता. धार काढताना मिळाला होता.

चांदोलीला १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघ जगावा, जंगल राहावं, याबद्दल दुमत नाही. पण धरण आणि अभयारण्यापायी अनेक गावं खाली सपाटीला आली. चराई गेली, म्हशी विकल्या गेल्या. कालपर्यंत बापानं मुलाला शिकवलेली रानाची वाट आज गुन्ह्याची वाट ठरली. मुलानं कुणाचं खरं मानायचं? जनावरच नाही, तिथं रेडकाचा वाटा राखायला कोण शिकवणार?

२००६च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींखेरीज इतर वननिवासींनाही हक्क दिले. मात्र त्यांच्याकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. ज्यांचा सारा इतिहास तोंडी, त्यांनी कागद आणायचे कुठून?

नवी मुलं शाळेत जातात, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यांच्या आजोबांचं शहाणपण आपल्या पुस्तकात कुठं आहे? नदीचं दूध आपण खालच्यांनी पोटभर प्यालो. वरच्यांसाठी एक सड राखला का, एवढं आपण स्वतःला विचारू या.