शिकार या शब्दाची हद्द

'शिकार' म्हटले की आम्हां नागपूरकरांना मचाण, हाका आणि बंदूक आठवते. जमिनीवरचे घरटे आठवत नाही. रानकोंबडी, तित्तर गवता-पाचोळ्यातच अंडी घालतात. त्यांची वीण उन्हाळ्यात येते, आणि साहेबी शिकारीचा बहरही उन्हाळ्यातलाच.

१८८७च्या कायद्याने विणीच्या हंगामात मारलेल्या पक्ष्यांची शहरांतील विक्री रोखली. १९१२च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार दिला. दोहोंचा भर पक्ष्यावर होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र अंडी फोडणे, घरट्याला उपद्रव देणे यांसही 'शिकार'च म्हटले. शब्दाची हद्द घरट्यापर्यंत आली.

परंतु ते घरटे ओळखणारी नजर कोणाची? विदर्भातील फासेपारधी तित्तर-लाव्यांना फासे लावून जगत. १९९१च्या दुरुस्तीनंतर त्यांचा हा व्यवसाय गुन्हाच ठरला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी मराठीत आणलेली पक्ष्यांची कितीतरी नावे अरण्यातल्या अशाच माणसांच्या तोंडची आहेत. पक्षी वाचला, हे योग्यच झाले. पण अरण्यवाङ्मय शिकविताना त्या शब्दांचे मूळ धनी वर्गात सांगितले जात नाहीत, ही उणीव आम्हांस अक्षम्य वाटते.