विझलेल्या तबकडीचा फोटो

विषयाचं नाव वाचून काही मंडळींनी आम्हाला दारातच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला घड्याळाच्या फोटोचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी तुम्हाला पाऊण तास आमच्याबरोबर अंधारात बसावं लागेल.

सुरुवात एका शब्दापासून करू. नाशिकच्या कुठल्याही रस्त्यावर दुचाकीच्या नंबरप्लेटचं काम करणाऱ्याकडे जा. पाटी असते, ‘येथे रेडियम काम करून मिळेल’. तो जे चिकटवतो त्यात रेडियमचा कणसुद्धा नसतो. समोरच्या गाडीचा प्रकाश आला तिकडेच परत पाठवणारी ती प्लॅस्टिकची पट्टी. मुलांच्या खोलीत छताला लावतात ते ‘रेडियमचे तारे’, त्यांतही रेडियम नाही. ते दिव्याचा प्रकाश पितात आणि अंधारात हळूहळू सोडतात. म्हणजे अंधारात चमकेल ते रेडियम, असा मराठीने सरसकट निवाडा करून टाकला आहे. वस्तू गेली, नाव उरलं.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमच्या वडिलांकडे, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एक लष्करी मनगटी घड्याळ होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचा जुना माल लिलावात निघायचा, त्यातून फिरत फिरत ते देवळाली कॅम्पात अण्णांच्या हाती आलं. काळी तबकडी, आकडे आणि काटे पिवळट. १९६५ च्या सप्टेंबरात युद्ध झालं तेव्हा ब्लॅकआउट असायचा. खिडक्यांना कागद, दिवे बंद. आम्ही भावंडं अण्णांच्या भोवती बसायचो आणि ते मनगट पुढे करायचे. आधी काहीच दिसायचं नाही. अण्णा म्हणायचे, “थांबा, घाई करू नका.” पंधरा-वीस मिनिटांनी अंधारातून आकडे वर यायचे. फार मंद, राखेखालच्या निखाऱ्यासारखे. त्या दिवसांची भीती आम्हाला आता आठवत नाही, ते आकडे आठवतात.

मागच्या वर्षी आमच्या नातवाने त्याच्या नव्या घड्याळाचा अंधारातला फोटो दाखवला. हिरव्या प्रकाशाने तबकडी नुसती पेटलेली. आम्ही कपाटातून अण्णांचं घड्याळ काढलं आणि म्हटलं, याचाही काढ. त्याने काढला. काळा चौकोन. त्याने दोनदा तपासलं आणि म्हणाला, “आबा, यात रेडियम संपलंय.” आजचं व्याख्यान या एका वाक्यावर आहे, कारण ते वाक्य खोटं आहे. आणि याच जातीच्या खोट्या वाक्याने शंभर वर्षांपूर्वी माणसं मारली आहेत.

आधी फोटो कसा निघतो ते पाहू. नातवाने आम्हाला रीत शिकवली. घड्याळ दिव्याखाली धरायचं, कॅमेरा तिवईवर पक्का बसवायचा, उजेड असतानाच फोकस करून मग त्याला हात लावायचा नाही. दिवा बंद करायचा आणि दहा-पंधरा सेकंद झडप उघडी ठेवायची. हे लगेच करायचं, कारण नव्या तबकडीची चमक पहिल्या काही मिनिटांतच झपाट्याने उतरते. केस आणि पट्टाही दिसायला हवा असेल तर मध्येच क्षणभर दुसरीकडे भिंतीवर टॉर्च मारायचा.

पण फोटो पाहून घड्याळाकडे पाहिलं तर ते इतकं हिरवं दिसत नाही. का? आपला डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणाचा हिशेब क्षणात मिटवतो. अगदी मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंगही कळत नाही, म्हणून हिरवं राखाडी दिसतं. कॅमेरा मात्र पंधरा सेकंदांची बेरीज करून एकदम समोर ठेवतो. मग खरं कोणाचं? आमचं मत असं, की दोघंही खरे, फक्त प्रश्न वेगळे. डोळा विचारतो, ‘आत्ता किती?’ कॅमेरा विचारतो, ‘एकूण किती?’

बेरजेची ही ताकद आपल्या नाशिककरांना नवी नाही. दादासाहेब फाळके १८७० साली इथेच त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकलाच गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आधी भांडवलवाल्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचं छोटं चित्रण केलं होतं. दिवसांमागून दिवस थोडं थोडं चित्र घ्यायचं आणि मग सलग दाखवायचं. रोप वाढताना कोणी पाहिलंय? कोणीच नाही. कुंडीसमोर बसून राहिलात तरी दिसणार नाही. पण पडद्यावर ते डोळ्यांदेखत उगवलं. न दिसणाऱ्या गोष्टीची साक्ष कॅमेरा देऊ शकतो, हे इतकं सोपं करून त्या माणसाने दाखवलं.

आता पॅरिसला जाऊ. १८९६ चा फेब्रुवारी. हेन्री बेक्वेरेल या शास्त्रज्ञाची समजूत अशी, की युरेनियमचे क्षार उन्हात ठेवले की चमकतात आणि त्या चमकेबरोबर आरपार जाणारे किरणही सोडतात. काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर क्षार ठेवायचे आणि उन्हात मांडायचे, असा त्यांचा प्रयोग. नेमकं आभाळ आलं. त्यांनी सगळं खणात ठेवून दिलं. १ मार्चला काच धुऊन पाहिली. अपेक्षा होती फिकट डागाची. प्रत्यक्षात आकृती चांगली ठळक उमटली होती. ऊन नाही, चमक नाही, बंद खण, आणि तरी फोटो. किरणोत्सर्गाचा शोध हा असा अंधारात निघालेला फोटो आहे.

त्या वाटेने मारी आणि पिएर क्युरी यांना १८९८ च्या डिसेंबरात रेडियम सापडलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की झिंक सल्फाइडच्या भुकटीत अगदी किंचित रेडियम मिसळलं तर ती भुकटी रात्रंदिवस चमकते. तिला आधी प्रकाश पाजावा लागत नाही. रेडियमचे कण तिच्यावर आपटत राहतात आणि ती उजळत राहते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकाला काडी न ओढता वेळ कळायला हवी होती. रेडियमच्या तबकड्यांना मागणी आली.

त्या रंगवायच्या कोणी? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना होता. तिथे बहुतेक तरुण मुली कामाला. आकडा बारीक, म्हणून ब्रशला टोक हवं. टोक काढायचं ओठांत धरून. ओठ, रंग, तबकडी, पुन्हा ओठ. दिवसाला अडीचशेच्या आसपास तबकड्या एकीच्या हातून जायच्या. त्यांना सांगितलं होतं, यात अपाय काही नाही. संध्याकाळी घरी निघाल्या की केसांवर, कपड्यांवर धूळ चमकायची. काहीजणी हौसेने नखं रंगवायच्या.

मग दात पडू लागले. जबड्याची हाडं कुजू लागली. अमेलिया मॅगिया ही त्यांतली एक, १९२२ च्या सप्टेंबरात गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं, उपदंश. म्हणजे जीव गेला आणि वर बदनामीही झाली. १९२४ मध्ये हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर यांनी कारखाना तपासला आणि धोका स्पष्ट लिहिला. कंपनीने कामगार खात्याकडे त्याच अहवालाचं उलट अर्थाचं रूप पाठवलं. पुढे १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड या सरकारी डॉक्टरने या बायकांच्या शरीरात रेडियम असल्याचं दाखवून दिलं. १९२७ साली ग्रेस फ्रायर आणि इतर चौघी कोर्टात गेल्या. त्या चौघींत अमेलियाच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या, क्विन्टा आणि अल्बिना.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेलियाचं शव पुन्हा वर काढलं. मंडळी, इथे जरा थांबा. पाच वर्षं जमिनीखाली असलेल्या त्या मुलीची हाडं डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत फोटोच्या फिल्मवर ठेवली. फिल्म धुतली तेव्हा तिच्यावर हाडांचे ठसे उमटलेले होते. उपदंशाची खूण नव्हती, रेडियम होतं. दाखला खोटा ठरला. १९२८ च्या जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. त्यातलं वर्षासन घ्यायला त्यांच्यातल्या काहींना फार वर्षं मिळाली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

आता आमच्या धंद्याचं थोडं बोलतो. अंधार म्हणजे काय, यावर आपल्याकडे मोठा वाद आहे. न्याय-वैशेषिक म्हणतात, तम म्हणजे तेजाचा अभाव, वेगळी वस्तू नव्हे. भाट्ट मीमांसक म्हणतात, तम हे द्रव्यच आहे. आमचा आजचा मुद्दा मात्र त्याच मीमांसकांच्या दुसऱ्या एका विचारात आहे. त्याचं नाव अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं आपल्याला कळतं. पण केव्हा? घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तेव्हाच. यालाच योग्य अनुपलब्धी म्हणायचं. खोलीत काळोख असताना ‘घडा दिसत नाही, सबब नाही’ असं म्हणणाऱ्याला आपण हसू.

त्या मुलींना काय सांगितलं गेलं? ‘अपाय दिसत नाही, सबब अपाय नाही.’ असता तर दिसला असता, अशी सोय होती का? नव्हती. रेडियम कॅल्शियमसारखं वागून हाडांत जाऊन बसतं आणि वर्षांनी बोलतं. दिवा न लावता घडा नाही म्हणण्यातलाच हा प्रकार. आणि ड्रिंकरनी दिवा लावला तेव्हा तो झाकला गेला, हा तर तर्कदोष नव्हे, अपराध. फिल्मने काय केलं? न दिसणाऱ्याला दिसण्याच्या पातळीवर आणलं. अनुपलब्धी योग्य केली.

परत आमच्या कपाटाकडे येऊ. नातू म्हणाला, रेडियम संपलंय. हिशेब करून पाहू. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. अण्णांचं घड्याळ ऐंशीच्या घरातलं. म्हणजे शंभरातले शहाण्णव-सत्त्याण्णव भाग अजून जागेवर आहेत. थकली ती झिंक सल्फाइडची भुकटी. मार खाऊन खाऊन ती चमकेनाशी झाली. दिवा विझलाय, आग चालू आहे.

हे नातवाला नुसतं सांगून पटेना, आणि पटू नये हेच बरं. मग आमच्या एका दंतवैद्य मित्राकडून दातांच्या एक्स-रे फिल्मची दोन बंद पाकिटं आणली. एक घड्याळाच्या काचेवर पालथं ठेवून डबा बंद केला. दुसरं घरातल्या लांबच्या कपाटात, तुलनेसाठी. आठ दिवसांनी मित्राने दोन्ही धुऊन दिली. लांबची कोरी आली. डब्यातल्या फिल्मवर एक धूसर वर्तुळ होतं, त्यात बारा आणि सहा ओळखू येत होते. घड्याळ केव्हाचं बंद आहे, त्यामुळे काटेही थांबले होते तिथेच उमटले, सात वाजून वीस मिनिटं. नातू बराच वेळ ती फिल्म खिडकीशी धरून उभा होता. मग म्हणाला, “आबा, म्हणजे हे अजून फोटो काढतंय.” आम्ही म्हटलं, “हो, आणि तू दिवा लावलास की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.”

आता व्यवहाराचं. आजच्या घड्याळांबद्दल घाबरू नका. रेडियम घड्याळांतून १९६० च्या दशकात मागे पडत गेलं, मग प्रोमेथियम आणि ट्रिटियम आले, आणि १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचं चमकद्रव्य आणलं. नातवाच्या घड्याळात त्याच जातीचं काही आहे, त्यात किरणोत्सर्ग नाही. पण आजोबांचं जुनं घड्याळ, जुना अलार्म क्लॉक घरात असेल, आकडे पिवळे-तपकिरी पडलेले असतील, तर ते उघडू नका. आकडे खरवडू नका, मुलांना खेळायला देऊ नका, उशाशी ठेवू नका. दुरुस्तीला देणार असाल तर घड्याळजींना आधी सांगा. ती भुकटी फुंकरीने उडते, आणि डोळ्याला भिंग लावून, तोंड तबकडीजवळ नेऊन बसलेल्या माणसाच्या पोटात जाते. त्याला न सांगणं म्हणजे ऑरेंजच्या कारखान्यासारखंच वागणं झालं.

अण्णांचं घड्याळ आम्ही पुन्हा डब्यात ठेवलं आहे. डब्यावर नातवाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: ‘यात खरं रेडियम आहे. उघडू नये.’ आमच्यानंतर तो डबा ज्याच्या हाती जाईल त्याला निदान वाचता येईल. वेळ झाली, आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.