आधी पळवायचं की आधी थांबवायचं? गाडी ‘अपग्रेड’ करण्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. बुलढाणा जिल्ह्यातला आपला एक श्रोता लिहितो, “भाऊ, सेकंडहँड अबार्थ पंटो घेतली. हातात साठ हजार आहेत. आधी रीमॅप करू, सायलेन्सर टाकू की एअर फिल्टर?”

प्रश्न भारी आहे. पण एक गोष्ट बघा. तिन्ही पर्याय गाडी पळवण्याचे आहेत, थांबवण्याचा एकही नाही. हे असं का होतं, ते समजायला त्याच्याच गाडीवरच्या विंचवापासून सुरुवात करू.

लाकडी पेटीतला वेग

कार्लो अबार्थचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, व्हिएन्नाचा. रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. १९४९ मध्ये त्याने इटलीत स्वतःची कंपनी काढली. रेसिंग हे त्याचं वेड, पण वेडाला पैसा लागतो. तो पैसा मिळाला सायलेन्सर विकून. साध्या फियाटवाल्याला आपल्या गाडीचा आवाज दमदार हवा होता आणि अबार्थ तो देत होता. म्हणजे आज चौकाचौकात जो धंदा चालतो, त्याला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

नंतर आल्या पेट्या. १९६३ मध्ये अबार्थने फियाट ५०० साठी ‘५९५’ आणली. ५०० सीसीच्या आसपासचं इंजिन जवळपास ५९५ सीसीपर्यंत वाढवलं आणि १८ हॉर्सपॉवरच्या जागी २७ मिळाले. त्यासाठीचे पार्ट लाकडी पेटीत भरून मिळायचे. घरी न्या, मेकॅनिककडून बसवून घ्या.

आपल्याला इथवरची गोष्ट माहीत असते. पुढची आपण विसरतो. फियाट ६०० वरून बनवलेल्या ‘८५० टीसी’ला अबार्थने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. ताकद वाढली की ब्रेक वाढले पाहिजेत, हे त्याला रेसने शिकवलं होतं. जगभर नक्कल मात्र झाली ती सायलेन्सरची.

शेंद्रा आणि रांजणगाव

त्या काळात आपल्याकडे काय होतं? मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स फियाट ११०० बनवायची. लोक तिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. अशाच फियाट कापूनछाटून, हलक्या करून मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पळायच्या. पुढे १९८८ मध्ये कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन एका हलक्या, एकाच सीटच्या गाडीत बसवलं. ती ‘फॉर्म्युला मारुती’. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन सुरुवातीच्या काळात हीच गाडी चालवायचा. इंजिन घरोघरी असलेलंच, पण ओढायचं वजन कमी केलं की तेच इंजिन वेगळं वागतं.

आता आपल्या भागाजवळ येऊ. सिंदखेडराजाहून निघालात, जालना ओलांडलं, की संभाजीनगरच्या अलीकडे शेंद्रा लागतं. तिथल्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाविया बनू लागली आणि २००४ मध्ये ‘ऑक्टाविया आरएस’ भारतात आली. टर्बो पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर. युरोपात याच नावाची गाडी १८० ची होती. झालं! “आपल्याला ३० कमी दिले, ते काढून घेऊ,” या एका वाक्यावर रीमॅपचा नाद वाढला.

रीमॅप म्हणजे काय? टर्बोने किती हवा कोंबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. ते आकडे बदलायचे. टर्बो गाडीत फरक खरंच मोठा पडतो. साध्या, बिनटर्बोच्या गाडीत मात्र फारसं काही हाती लागत नाही. पण कंपनीने जी ताकद राखून ठेवलेली असते ती कंजूषपणाने नाही. मे महिन्यातलं ऊन, साधं पेट्रोल, झिजलेला क्लच, या सगळ्यासाठी ती शिल्लक असते. रीमॅपवाला तीच शिल्लक खर्च करतो. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवला, तर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनचा जीव जातो.

आणि मग २०१५. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून फियाटने अबार्थ पंटो काढली. साध्या पेट्रोल पंटोचे ९० च्या आसपास हॉर्सपॉवर, हिचे १४५. पण नुसतं इंजिन बदललं नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, सस्पेन्शन कडक केलं, गाडी खाली बसवली. तुझ्या हातात जी गाडी आहे मित्रा, ती कंपनीने स्वतः केलेलं अपग्रेडच आहे, तेही पूर्ण पेटीसकट!

समृद्धीवरचं गणित

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणारा रस्ता, कारला ताशी १२० ची मर्यादा. त्याआधी आपल्या जिल्ह्यात १२० चा वेग धरायला सरळ, मोकळा रस्ता होता कुठे? आता तो दारात आहे.

गणित साधं आहे. वेग ८० वरून १२० केला, म्हणजे दीडपट. पण ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची असते ती वाढते सव्वादोन पट. ती सगळी उष्णता होऊन पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि मग ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ऐन गरजेच्या वेळी.

टायरचंही तसंच. हवा कमी असली की टायरच्या भिंती सतत दबतात, तापतात. सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हात, तासन्‌तास एकाच वेगाने. म्हणून तर २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. घासलेले टायर असतील तर परत फिरा. त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला बसच्या अपघातात २५ जण गेले. तो अपघात वेगळा, त्याचा मॉडिफिकेशनशी संबंध नाही. पण या रस्त्यावर चूक किती महाग पडते, हे आपल्या जिल्ह्याला कुणी वेगळं सांगायला नको.

कायद्याचंही ऐका. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर पोलिसांना दुरून ऐकू येतो. रीमॅप ऐकू येत नाही, पण अपघातानंतर विमा कंपनी तेच शोधते.

तर मग साठ हजारांचं काय?

पहिलं, टायर. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुनाट असतील तर नक्षी चांगली दिसली तरी काढा. नवे घेताना कंपनीने सांगितलेलाच साईज आणि वेगाचं अक्षर बघा. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. त्याखाली उतरू नका.

दुसरं, ब्रेक. ऑइल पूर्ण बदलायचं, चांगले पॅड टाकायचे, डिस्कची जाडी मोजून घ्यायची.

तिसरं, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंट, टर्बोच्या हवेचे पाइप. सेकंडहँड गाडीत हरवलेले हॉर्सपॉवर बऱ्याचदा इथेच सापडतात, आणि ते परत मिळवायला दंड लागत नाही.

साठ हजारांतले बरेचसे इथेच संपतील. गाडीचा आवाज तसाच राहील, मित्रांना काही बदललेलं दिसणारही नाही. पण दुसरबीडजवळ अचानक पुढे काही आडवं आलं, तर तुला कळेल.

गाडीत काय केलंस ते कळव रे. फोटो टायरचा पाठव, सायलेन्सरचा नको. भेटू पुढच्या भागात!