चाळणी आणि डोळा

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात स्कनथॉर्प नावाचे पोलाद कारखान्याचे गाव आहे. १९९६ साली तिथल्या रहिवाशांना एओएल या कंपनीच्या इंटरनेट सेवेत नाव नोंदवता येईना. कारण? गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार अक्षरांची एक शिवी दडलेली होती आणि अश्लील शब्द अडवणाऱ्या यंत्रणेने ती पकडली. कंपनीने तूर्त गावाचे नाव ‘स्कॉनथॉर्प’ असे लिहिण्याचा तोडगा काढला. चुकले यंत्र, बदलले मात्र गावाचे नाव!

शब्द एकटा सभ्यही नसतो आणि असभ्यही नसतो. कोण बोलतो, कोणाला, कोणत्या सुरात, यावर त्याचा अर्थ ठरतो. आई लेकराला लाडाने ‘मेल्या’ म्हणते. तोच शब्द भांडणात बोचतो. यंत्राला अक्षरे दिसतात, सूर ऐकू येत नाही.

मग माणसे नेमली की झाले? तसेही नाही. २०१६ मध्ये फेसबुकने व्हिएतनाम युद्धातले १९७२ सालचे एक जगप्रसिद्ध छायाचित्र काढून टाकले. नापाम बॉम्बने होरपळून विवस्त्र धावणारी नऊ वर्षांची मुलगी त्यात आहे. नॉर्वेच्या ‘आफ्टेनपोस्टेन’ दैनिकाच्या संपादकांनी पहिल्या पानावर जाहीर पत्र लिहिले. तत्कालीन पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी तेच चित्र टाकले, तर तेही काढले गेले. अखेर कंपनी नमली. नियमावलीत ‘नग्नता’ होती, ‘इतिहास’ नव्हता. झापडे बांधून नियम पाळणारा माणूसही यंत्रच होतो.

शिवाय या कामाची किंमत माणूसच मोजतो. दिवसभर हिंसेची दृश्ये पाहून मन खचलेल्या तपासनिसांनी दावा लावला, तेव्हा २०२० मध्ये फेसबुकने ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

त्याच वर्षी कोरोनामुळे तपासनीस घरी बसले आणि यूट्यूबने बरेचसे काम यंत्रावर सोपवले. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत १ कोटी १४ लाखांवर चित्रफिती काढल्या गेल्या. ज्यांनी दाद मागितली, त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या चित्रफिती परत आल्या. आधी हे प्रमाण पाव होते. सप्टेंबरमध्ये कंपनीने हे काम पुन्हा माणसांकडे वळवायला सुरुवात केली.

आपल्या घरात धान्य आधी चाळतात, मग निवडतात. चाळणीने माती जाते. दाण्याएवढा खडा मात्र डोळ्यालाच ओळखावा लागतो. ढीग मोठा आहे, चाळणी हवीच. पण ज्याचा शब्द पुसला गेला, त्याला ‘का?’ असे विचारता यावे आणि उत्तर द्यायला समोर माणूस असावा, एवढे तरी हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)