वीतभर फरकाची कुळकथा

अंधेरीला मेट्रो पश्चिम रेल्वेच्या डोक्यावरून जाते. खाली लोकलच्या दोन रुळांमध्ये ५ फूट ६ इंच अंतर, वर मेट्रोच्या रुळांमध्ये ४ फूट साडेआठ इंच. फरक जेमतेम वीतभर. मेट्रोवाले हे माप १४३५ मिलिमीटर असं सांगतात, त्यामुळे ते मोठं शास्त्रशुद्ध वाटतं. पण सरळ पाच फूट सोडून ही साडेआठ इंचांची शेपटी कुणी लावली? ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, रुळाचं विचारायला हरकत नाही.

लोकप्रिय उत्तर रोमन रथांचं आहे. रथाच्या चाकोऱ्या, त्यावरून बैलगाड्या, त्यावरून रेल्वे. ऐकायला झकास, पण रोमन लोक ब्रिटन सोडून गेले आणि तिथे पहिले लाकडी रूळ पडले, यात बाराएकशे वर्षं गेली. तेवढा काळ हे माप कुणी सांभाळलं, हे कुणी दाखवत नाही. खरं कूळ कोळशाच्या खाणीतलं.

न्यूकॅसलच्या पश्चिमेला, टाइन नदीकाठी वायलम नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीतला कोळसा नदीवरच्या होड्यांपर्यंत न्यायला १७४८च्या सुमारास पाच मैलांची लाकडी रुळवाट टाकली गेली. घोडे वाघिणी ओढत. अशा वाटा त्या मुलखात बऱ्याच होत्या आणि मापं मालकागणिक वेगळी. वायलमचं पाच फूट.

या वाटेला लागूनच एक दगडी घर होतं. खोल्या चार, बिऱ्हाडं चार. त्यातल्या एका खोलीत १७८१ साली जॉर्ज स्टीफन्सन जन्मला. बाप खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनात कोळसा टाकायचा. खाणीतलं काम संपलं की बिऱ्हाड दुसऱ्या खाणीकडे. पोराची पहिली नोकरी गाई राखण्याची होती: गाई रुळवाटेवर येऊ नयेत एवढंच पाहायचं, रोज दोन पेनी. अठराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

पुढे तो किलिंगवर्थच्या खाणीवर गेला आणि तिथल्या वाटेचं माप होतं ४ फूट ८ इंच. १८१४ साली त्याने आपलं पहिलं वाफेचं इंजिन याच मापावर बांधलं. नंतर स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेचं काम मिळालं तेव्हाही हातातलं माप त्याने बदललं नाही. हात बसला होता; नवं कशाला? म्हणजे त्याला नोकरी वायलमलाच मिळती, तर जगाच्या रुळांचं माप कदाचित पाच फूट असतं. उरलेला अर्धा इंच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर, १८३०च्या आसपास, चाकांना थोडी मोकळीक हवी म्हणून मिळाला. १८४६ साली संसदेने कायदाच करून टाकला.

हिंदुस्थानात मात्र हे घराणं अडलं. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना तेच माप हवं होतं, गव्हर्नर जनरल डलहौसीला सहा फूट. अखेर साडेपाचावर तोड निघाली. गंमत अशी, की १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सोडणाऱ्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार अभियंता जॉर्जचाच मुलगा, रॉबर्ट. बापाचं माप मुलाच्या गाडीला लागलं नाही. १६१ वर्षांनी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, ती मात्र त्याच मापावर.

वायलमची खाण १८६८ साली बंद पडली. कोळशाच्या त्या वाटेवर १८७६पासून उतारूंच्या गाड्या धावू लागल्या, त्याही १९६८ साली थांबल्या. आता स्टीफन्सनच्या दारावरून सायकली जातात. नदीच्या पलीकडच्या काठावर मात्र न्यूकॅसल-कार्लाइल गाडी अजून थांबते, किलिंगवर्थहून आलेल्या मापावर.