स्वमग्न मुलांवरील उपचार आणि त्यांची कसोटी

रोगांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत, उपचारांचा लिहिणारे थोडे. आणि जे उपचार फसले त्यांच्या इतिहासाच्या वाटेस तर सहसा कोणी जात नाहीं. विजयाचे पोवाडे गावे आणि पराभव विसरावे, ही मनुष्याची जुनी खोड आहे. वैद्यहि मनुष्यच असल्यामुळें तिच्यांतून सुटलेले नाहींत. परंतु ज्या अवस्थेस आपल्याकडे स्वमग्नता व इंग्रजींत ऑटिझम म्हणतात, तिच्यावर गेल्या ऐंशी वर्षांत जे उपचार झाले त्यांचा वृत्तान्त वाचतांना माझें मन यशापेक्षां अपयशाच्या कहाण्यांकडेच अधिक ओढ घेतें. कारण त्या कहाण्यांत एक प्रश्न पुनःपुन्हां उभा राहतो. आपलें मूल सुधारलें असें आईबाप जेव्हां शपथेवर सांगतात, तेव्हां त्यांच्या शब्दावर शास्त्रानें विसंबावें कीं विसंबूं नये?

१९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनीं ८ मुलगे व ३ मुली अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांचा नव्हे. स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनीं तो पूर्वींच स्किझोफ्रेनियाच्या वर्णनांत योजला होता. कॅनर यांचें श्रेय निराळें आहे. एकान्ताची विलक्षण ओढ आणि नित्यक्रमांत तिळमात्र फरक सहन न होणें, या दोन सूत्रांत त्यांनीं हीं मुलें ओंवलीं. यांतील कांहीं मुलें ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें परत करीत. आईनें “तुला पाणी हवें का?” म्हणून विचारावें, आणि पुढें तहान लागली कीं मुलानेंहि “तुला पाणी हवें का?” असेंच म्हणावें, असा तो प्रकार. अशी बारीक नजर असलेल्या या गृहस्थापाशीं उपचार मात्र कांहींच नव्हता, आणि असल्याचा आवहि त्यांनीं आणला नाहीं. ही स्थिति जन्मजात असावी असें त्यांनीं त्या लेखाच्या शेवटीं म्हटलें. परंतु त्याच लेखांत, या मुलांच्या आईबापांत मायेचा ओलावा असणारे फार थोडे दिसले, असा एक शेराहि त्यांनीं मारून ठेवला.

त्या शेऱ्यानें जो अनर्थ केला त्याला तोड नाहीं. पुढील पंचवीस वर्षें आईच्या थंडपणानें मूल स्वमग्न होतें हें मत अमेरिकेंत मानाचें होऊन बसलें. शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक शाळेचे प्रमुख ब्रूनो बेट्टेलहाइम यांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत तें मोठ्या आवेशानें मांडलें. उपचार काय, तर मुलास घरापासून दूर नेऊन शाळेंत ठेवावयाचें. आपल्या हाताखालीं पुष्कळ मुलें सुधारलीं असें ते सांगत; पण तशींच दुसरीं मुलें आईच्याच कुशींत राहिलीं असतीं तर त्यांचें काय झालें असतें, हें त्यांनीं कधीं पडताळून पाहिलें नाहीं. ज्या स्त्रीनें रात्रीच्या रात्री मुलाच्या उशाशीं जागून काढल्या, तिच्याच माथीं त्याच्या अवस्थेचें खापर फोडावयाचें, आणि तेंहि एकहि तुलना न करतां! आपल्याकडील सासवांनींहि सुनांस असे बोल लाविले आहेत. परंतु त्यास शास्त्र म्हणण्याचें धाडस त्यांनीं केलें नव्हतें.

या मतास पहिला जोराचा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंड यांनीं. ते मानसशास्त्रज्ञ, आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. स्वमग्नतेचें मूळ मेंदूंत आहे, आईच्या स्वभावांत नाहीं, असें त्यांनीं १९६४ सालच्या ग्रंथांत साधार प्रतिपादन केलें. १९६९ सालीं खुद्द कॅनर यांनीं पालकांच्या सभेंत त्यांस निर्दोष ठरविलें. १९७७ सालीं सुसान फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनीं ब्रिटनमधील जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्हीं भावंडें स्वमग्न निघालीं; निरनिराळ्या बीजांच्या १० जोड्यांत अशी एकहि जोडी आढळली नाहीं. आंकडे लहान खरे, पण आनुवंशिकतेकडे त्यांचा कल स्पष्ट होता, आणि मातांवरील आरोपाचा पाया त्यांनीं खचविला.

कारण मेंदूंत आहे असें ठरल्यानें उपचार सांपडला असें मात्र झालें नाहीं. लॉस एंजलीस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत ईव्हार लोवास यांनीं शिकवण्याचा मार्ग धरला. प्रत्येक कौशल्याचे बारीक तुकडे करावे, बरोबर उत्तरास बक्षीस द्यावें, आणि हा क्रम आठवड्यास ४० तास, दोन वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ चालवावा, अशी त्यांची रीत. १९८७ सालीं त्यांनीं कळविलें कीं, अशा शिक्षणाच्या १९ मुलांपैकीं ९ मुलें बुद्धीनें व शाळेंतील प्रगतीनें इतर मुलांच्या बरोबरीस आलीं. तुलनेच्या ४० मुलांत असें एकच निघालें. या वार्तेनें घरोघर आशा पालवली. परंतु कोणतें मूल कोणत्या गटांत जावयाचें हें चिठ्ठी टाकून ठरलें नव्हतें. शिकविणारे मोकळे आहेत कीं नाहींत, यावर तें अवलंबून होतें. शिवाय त्या शिक्षणांत दरडावणें व प्रसंगीं मांडीवर चापटी मारणें हेंहि होतें, आणि आजच्या वाचकास तें रुचणार नाहीं. पुढें २००० सालीं ट्रिस्ट्रम स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २८ मुलांची गटवारी दैवाधीन पद्धतीनें करून चाचणी घेतली. तेव्हां या शिक्षणाचा लाभ दिसला, पण तो पहिल्या डोळे दिपविणाऱ्या आंकड्यांच्या मानानें बराच बेताचा होता.

येथवर तुलना अपुरी राहिल्याची उदाहरणें झालीं. तुलना पुरी केली म्हणजे काय घडतें हें पाहावयाचें असेल तर सिक्रेटिनची कथा पाहावी. तिच्याइतकी बोधप्रद कथा या सबंध इतिहासांत मला दुसरी आढळली नाहीं.

सिक्रेटिन हा पदार्थ नवा नव्हे. १९०२ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस व स्टार्लिंग या दोघांनीं तो शोधून काढला. लहान आंतड्याच्या आरंभींच्या भागांत तो तयार होतो, आणि रक्तावाटे जाऊन स्वादुपिंडास पाचक रस सोडण्याची वर्दी देतो. हॉर्मोन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकीं शोध लागलेलें हें पहिलें. डॉक्टर लोक त्याचा उपयोग औषध म्हणून नव्हे, तर स्वादुपिंड नीट काम करतें कीं नाहीं याच्या तपासणीपुरता करीत. अशाच तपासणीसाठीं, पोटाच्या तक्रारी असलेल्या तीन स्वमग्न मुलांस बाल्टिमोर येथेंच तें टोंचण्यांत आलें. पोटाची तक्रार तर कमी झालीच. पण पांच आठवड्यांच्या आंत मुलें डोळ्यास डोळा देऊं लागलीं, अधिक सावध झालीं, बोलूंहि लागलीं, असें डॉ. होर्वाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलें. मुलें तीन, आणि तुलनेस कोणीच नाहीं. पण त्याच वर्षीं ही हकीकत अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर झळकली, आणि मग कोण थांबतो! हजारों मुलांस हें द्रव्य टोंचलें गेलें. साठा अपुरा पडूं लागला. डुकराच्या आंतड्यांतून काढलेलें, एकदांच वापरावयाचें तपासणीचें द्रव्य पुनःपुन्हां लहान मुलांच्या शिरांत सोडलें जात होतें.

अशा वेळीं नॉर्थ कॅरोलायना राज्यांत डॉ. एड्रियन सँडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ६० मुलें घेतलीं. कांहींस कृत्रिम रीतीनें बनविलेल्या मानवी सिक्रेटिनची एक मात्रा दिली, बाकीच्यांस नुसतें मिठाचें पाणी. कोणास काय मिळालें हें आईबापांस ठाऊक नव्हतें, पाहणी करणारांसहि नव्हतें. चार आठवडे लोटल्यावर हिशेब झाला, आणि तो १९९९ च्या डिसेंबरांत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्यें छापून आला. वर्तनांतील दोष मोजणाऱ्या एका मापावर सिक्रेटिनच्या मुलांचे गुण सरासरी ८·९ नीं उतरले होते. या मापावर गुण उतरणें म्हणजे सुधारणा. आणि मिठाच्या पाण्याच्या मुलांचे? ते १७·८ नीं उतरले होते. दोहोंतील अंतर योगायोगाच्या मर्यादेंत बसण्याजोगें होतें, म्हणून मिठाचें पाणी अधिक गुणकारी ठरलें असा विनोद करण्याची सोय नाहीं; परंतु सिक्रेटिन निरुपयोगी आहे एवढें उघड झालें.

या आंकड्यांपाशीं थोडें थांबावें. मिठाच्या पाण्याच्या मुलांत सुधारणा दिसली ती कोणी खोटें सांगितल्यामुळें नव्हे. मूल वाढत असतें आणि वाढतां वाढतां कांहींतरी शिकतच असतें. स्वमग्न मुलाच्या दिवसांत चढउतार फार. आणि उपचारास त्यास नेतात तें बहुधा उतार आला म्हणजेच, तेव्हां पुढचा काळ आपोआपच बरा दिसतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ज्या आईनें वर्षानुवर्षें एका दृष्टिक्षेपाची वाट पाहिली तिला तो दृष्टिक्षेप दिसतो. कदाचित् तो पूर्वींहि येत असेल, पण आतां तिचें लक्ष त्याच्याकडे असतें. साक्षीदार प्रामाणिक असून साक्ष चुकीची असणें हें न्यायालयास नवें नाहीं. वैद्यकास तें मान्य करावयास फार वर्षें लागलीं.

याच निबंधांत आणखी एक नोंद आहे, आणि ती मला सगळ्यांत अधिक चटका लावून गेली. चाचणीचा निकाल कळल्यानंतरहि त्यांतील शेंकडा ६९ पालकांनीं आपल्या मुलासाठीं सिक्रेटिनमध्यें आपणांस अजून रस आहे असें सांगितलें. त्यांस हंसणें सोपें आहे. पण हातांतली एकच काठी कुचकामी आहे असें कळलें, आणि दुसरी कोणी दिली नाहीं, तर आंधळा ती टाकील काय? पुढें आणखी चाचण्या झाल्या. २०१२ सालीं अशा १६ चाचण्यांचा, ९०० हून अधिक मुलांचा, एकत्र आढावा निघाला, आणि कोठेंहि लाभ दिसला नाहीं.

मुलास मिठाचें पाणी टोंचून आईबापांस अंधारांत ठेवणें निर्दयपणाचें नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. पालकांनीं आधीं समजून उमजून संमति दिलेली असते, हें त्याचें एक उत्तर. पण मला दुसरें उत्तर अधिक वजनदार वाटतें. त्या ६० मुलांवर ही चाचणी झाली नसती, तर हजारों मुलें सुईखालीं जातच राहिलीं असतीं, त्यांच्या घरचा पैसा व धीर खर्ची पडत राहिला असता, आणि यांतील एकाहि घरास आपण फसलों हें कधींच कळलें नसतें. निर्दय कोण, तुलना करणारा कीं न करणारा?

आतां उपचारानें साधावयाचें तरी काय, याविषयींहि दृष्टि पालटली आहे. मोठेपणीं लिहूं-बोलूं लागलेल्या अनेक स्वमग्न व्यक्ति आपणांस ‘बरें’ करूं नका, समजून घ्या, असें म्हणतात. रोगमुक्ति हें ध्येय बाजूस ठेवून मूल व घरचीं माणसें यांच्यांतील देवघेव वाढविणें, हें ध्येय ज्या उपचारांनीं पत्करलें त्यांत इंग्लंडांतील एका पद्धतीचें नांव घ्यावें लागेल. आईबाप व मूल खेळत असतां त्यांचें चित्रण करावयाचें, आणि तें आईबापांस दाखवून, मुलाच्या बारीकशा खुणेस केव्हां व कसा प्रतिसाद द्यावा हें त्यांच्याच खेळांतून त्यांस शिकवावयाचें. २०१० सालीं १५२ मुलांच्या चाचणीचा निकाल आला. पालकांचा प्रतिसाद स्पष्टपणें सुधारला, परंतु मुलांच्या लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. सुमारें सहा वर्षांनीं त्यांतील १२१ मुलें पुन्हां पाहिलीं तेव्हां लक्षणेंहि कांहींशीं सौम्य आढळलीं. ज्या आईस पूर्वीं मुलापासून दूर सारीत, तीच आतां उपचार करणारी झाली होती.

हीच पद्धति पुढें आपल्या शेजारच्या गोव्यांत आली. तेथें व पाकिस्तानांत रावळपिंडी येथें मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर तिची चाचणी झाली, आणि निकाल २०१६ सालीं लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या पत्रांत प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांची वाण असल्यामुळें शिकविण्याचें काम डॉक्टरांनीं नव्हे, तर तयार केलेल्या सामान्य आरोग्यसेवकांनीं केलें, तेंहि आठ महिन्यांत १२ बैठकींत. गट दैवाधीन रीतीनें पाडले होते. निकाल असा कीं, पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाशीं अधिक जुळता झाला, आणि मूल आपण होऊन पूर्वींपेक्षां अधिक वेळां आईबापांशीं संवाद सुरू करूं लागलें. पण दोघांचें लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र खिळून राहण्याचा काळ मात्र, अपेक्षेच्या अगदीं उलट, उपचार न मिळालेल्या मुलांपेक्षां कमी भरला. हा तिसरा निष्कर्षहि निबंधाच्या आरंभींच्या सारांशांतच, पहिल्या दोहोंच्या पाठोपाठ दिलेला आहे.