खाणीतील दप्तरापासून ढगातील नकलेपर्यंत

न्यूयॉर्क राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे लोखंडाची एक रिकामी खाण विकत घेऊन तीत अळिंब्या पिकविण्याचा उद्योग करणाऱ्या हर्मन नाउस्ट या गृहस्थाने, अणुबॉम्बच्या धास्तीने व्यापारी पेढ्यांची झोप उडाली असता, १९५१ मध्ये तेथेच परक्यांची दप्तरे जतन करण्याचा व्यवसाय आरंभिला. आणि संगणकातील माहितीची नक्कल साठविलेल्या चुंबकीय फिती दूरस्थ कोठारांच्या हवाली करण्याचा जो रिवाज पुढे रूढ झाला, त्याची नांदी, माझ्या मते, या खाणीतच झाली.

परंतु नक्कल हाती असणे निराळे आणि यंत्र पूर्ववत उभे राहणे निराळे. जळालेल्या सर्व्हरच्या जागी त्याच जातीचा दुसरा पैदा करून, त्यावर सर्व प्रणाली नव्याने चढवून मगच फीत उलगडावी लागे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० द्वारे विक्रीस आणलेले आभासी यंत्र, म्हणजे केवळ सॉफ्टवेअरने रचलेला संगणक, व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये सामान्य संगणकावर उतरविले, तेव्हा सबंध सर्व्हर म्हणजे काही फायली एवढेच उरले.

त्या ठेवण्यास जागा ॲमेझॉनच्या २००६ मधील एस-थ्री या ‘ढगा’तील, म्हणजे क्लाउडमधील, साठवणसेवेने दिली. २००८ मध्ये आलेल्या ईबीएस या तिच्याच आभासी डिस्कसेवेतील पहिला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची डिस्कची नक्कल, वापरातील सर्व खंड उतरवून घेतो, पुढचे केवळ बदललेले. तरीही मधला एखादा स्नॅपशॉट खोडला असता उरलेल्यांस आवश्यक ते खंड शाबूत राहतात, ही तजवीज मला विशेष चातुर्याची वाटते. २०१६ मध्ये मुंबईत व २०२२ मध्ये हैदराबादेत ॲमेझॉनची केंद्रे झाल्यावर मुंबईच्या सर्व्हरची नक्कल देशाची हद्द न ओलांडता दूरच्या शहरी ठेवण्याची सोय झाली.